एक फुल, एक हाफ

अकरा वर्षं देवगड डेपोला कंडक्टर आहे.
कोण कुठल्या फाट्यावर उतरतं,
तळेबाजारला किती सुटे लागतात,
सगळं पाठ.
हा डॉक्टर कुठल्या थांब्यावर मिळतो
ते मात्र ठाऊक नव्हतं.

निहार दिवाळीपासून शाळेत गेला नाही.
उंबरा सात वेळा ओलांडतो,
चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.
हात धुतो. महिन्याला नऊ साबण.
बोटं सोललेल्या कोळंबीसारखी.

तारीकाकी म्हणाली, "बाहेरचा असतला गो,
देवाक गाऱ्हाणा घाल."
घातलं. नारळ फोडला.
निहारने त्याचे तुकडे मोजले.

जामसंड्याचे लहान मुलांचे डॉक्टर,
ज्यांनी त्याला गोवराची लस टोचली होती,
चष्मा वर करून म्हणाले, याला आता मिसरूड फुटलंय.
कणकवलीत मोठ्यांच्या मनाचे डॉक्टर म्हणाले,
चौदाचा? अठराच्या खाली मी बघत नाही.
ओरोसला कळलं, येतात, दुसऱ्या मंगळवारी.
दुसऱ्या मंगळवारी कळलं,
यायचे.

नंबर मिळाला तो गाडीतच.
दर महिन्याला नांदगावला चढणारी एक बाई,
सोबत उन्हाळ्यातही लांब बाह्या घातलेली मुलगी.
दोन कोल्हापूर.
तीन वर्षं तिकिटं फाडली,
कशाला जाता, विचारलं नव्हतं.
त्या दिवशी विचारलं.
बाईने आधी मागच्या सीटकडे बघितलं,
मग तिकिटाच्या पाठीवर नंबर लिहून दिला.
नाव लिहिलं नाही.

काल रजा टाकली.
पासाच्या अर्जात कारण लिहावं लागतं,
म्हणून रोख पैसे काढले.
मशीन प्रणोतीच्या हातात. तिने काही विचारलं नाही.
एक फुल, एक हाफ, मी म्हटलं.
फुल त्याचं.
बायकांना अर्धं, म्हणून हाफ माझं.

करूळ घाटात तो वळणं मोजत होता, ओठांतल्या ओठांत.
मीही मोजू लागले, मोठ्याने.
अडतिसाव्याला आमचा आकडा जमेना.
तो मागच्या काचेतून खाली बघत राहिला,
पहिल्या वळणापर्यंत परत जायचं असल्यासारखा.
अरे, एसटी आहे ती,
घाटात रिव्हर्स घेत नाही कुणी.
त्याने माझं मनगट धरलं.
त्या हाताला साबणाचा वास.

गगनबावड्याला चहासाठी दहा मिनिटं.
साडेअकराची वेळ दिलीय,
आणि गाडी, माझीच गाडी,
वीस मिनिटं लेट.