बुश बसतो कुठं

रिजेक्शन साडेचार टक्क्यांवर गेलं
तेव्हा मालकांनी बाणेरहून एक सर बोलावले.
त्यांनी कॅन्टीनमध्ये पडदा लावला,
माणसाच्या गरजांचा त्रिकोण दाखवला,
टाळ्या वाजवायला लावल्या,
शेजाऱ्याच्या पाठीवर शाबासकी द्यायला लावली.
थर्ड शिफ्टवाल्यांनी दिली. डोळे मिटूनच.

मी एचआर. फायली माझ्याकडे.
सात नंबर लेथवर रेवणनाथ खताळ,
चार वर्षं, तीन मेमो.
'कामात लक्ष नाही' हे माझंच अक्षर.

त्या रात्री भोसरीत लाइट गेली.
जनरेटर खोकत सुरू होईपर्यंत
आम्ही दोघं उलट्या क्रेटवर बसलो.
मी काही विचारलं नाही.
(सरांनी सतरा प्रश्न छापून दिले होते,
ते ड्रॉवरमध्ये.)
त्यानेच विचारलं,
"मॅडम, हा बुश बसतो कुठं?"

चार वर्षं. दिवसाला सहाशे.
आणि मला तरी कुठं ठाऊक होतं?

रविवारी नाशिक फाट्याला गेलो,
आतार मिस्त्रीच्या गॅरेजात.
एक रिक्षा कुशीवर कलंडलेली,
तिच्या ब्रेकच्या पेडलपाशी
काळ्या ग्रीसमध्ये तो, बोटाच्या पेराएवढा.
रेवणनाथ सरळ पाठीवर आडवा झाला,
अंगात चांगला शर्ट होता,
नखाने ग्रीस खरवडत बघत राहिला.
मी म्हटलं, तुमचाच असेल.
"नाय," तो आतूनच म्हणाला,
"सेकंड शिफ्टचा आहे. कड मोडलेली नाही."

परतताना रिक्षाच केली.
पुलाच्या उतारावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला
तेव्हा मागच्या सीटवर
रेवणनाथचाही उजवा पाय दाबला गेला.

दोन महिन्यांत रिजेक्शन दीडवर आलं.
अहवालात कारणाचा एक रकाना असतो,
त्यात सरांची दोन दिवसांची कार्यशाळा गेली.
मीच टाइप केलं. त्यांचं बिल अडलं होतं.

रेवणनाथ आता विचारतो.
कूलंटला वास का येतो,
सेकंड शिफ्टचा गेज कोणी तपासलाय का,
आणि काल, पगाराची चिठ्ठी उलटसुलट करत,
"मॅडम, माझे अकरा तास ओव्हरटाइम
ह्यात बसले कुठं?"

मी त्याची फाइल काढून बसलेय.
आज शेरा लिहायचा आहे.
'कामात लक्ष' एवढं लिहून झालं
आणि वरच्या मजल्यावरून
इंटरकॉम वाजतोय.