मुहूर्त नसलेला महिना

पौषात हॉल रिकामा असतो
म्हणून गालाशेटनी आम्हाला पौष दिला.
भांडुप पश्चिम, दुसरा मजला, खाली टाइल्सचं गोदाम.
पूर्वीचं नवदुर्गा मंगल कार्यालय,
आताचं द ग्रँड आनंदिता.
जुनी अक्षरं उतरवली, पण भिंतीवर
त्यांच्या जागा फिक्या राहिल्यात,
'कार्यालय' तर अजून लांबून वाचता येतं.

कॅमेरा तिपाईवर.
तो एकाच वेळी चहूकडे बघतो,
त्याच्यापासून लपायला फक्त जिना उरतो.
बटण दाबायचं, जिन्यात पळायचं,
पंचवीस सेकंद मोजायचे, परत यायचं,
तिपाई दीड मीटर सरकवायची.
एकशे चाळीस वेळा.

जिन्यात माझ्याबरोबर पाष्टे.
एकोणतीस वर्षं हॉल सांभाळतात.
पंचवीस सेकंदांत एक वाक्य बोलायचे,
पुढचं वाक्य पुढच्या फेरीला.
"त्या खांबावर एका वरबापानं डोकं आपटलं होतं."
मी गेले, तिपाई सरकवली, परत आले.
"मुद्दाम."

मग तीन आठवडे मी माऊसनं हॉल पुसला.
छतावरचा गळतीचा नकाशा काढला,
एसीखालची बादली काढली, स्विचबोर्ड काढला.
हळदीचे डाग, जे एकोणतीस वर्षं
फिनेलला दाद देत नव्हते,
दोन क्लिकमध्ये गेले
आणि मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.
चौऱ्याण्णवाव्या फोटोत पाष्टे
पाण्याची मोटर बंद करायला धावले होते,
त्यांचं कोपर खांबाला चिकटून राहिलं होतं.
तेही काढलं.

गालाशेट म्हणाले, खिडकीत समुद्र टाका.
म्हटलं, शेट, भांडुपला समुद्र नाही.
म्हणाले, न्यू जर्सीच्या पार्टीला काय माहीत?
घासाघीस होऊन सौदा खाडीवर तुटला,
वर चार फ्लेमिंगो.
झुंबरं टांगली. आटीव दुधाच्या रंगाचा उजेड भरला.
खुर्च्या साडेचारशे,
माणसं घालायचं बजेट नव्हतं.

माघात, पहिल्या मुहूर्ताच्या सकाळी, दाखवायला नेलं.
मागे आचाऱ्यांची कांदे चिरायची घाई.
गालाशेटनी डोळ्यांवर चढवलं, एक चक्कर मारली,
"फर्स्ट क्लास" म्हणाले आणि फोन आला म्हणून बाहेर गेले.
"पाष्टे, तुम्ही बघा ना."

त्यांनी आधी चपला काढल्या.
मग मी पट्टा आवळला.
सगळ्यात पहिल्यांदा मान वर.
"गळत नाय."
मग उजवा हात हवेत गेला,
जिथे स्विचबोर्ड होता तिथे,
चाचपडला, खाली आला.
नसलेल्या खुर्च्यांमधून ते अंग चोरून चालले,
एकीला गुडघा लागला वाटून "सॉरी" म्हणाले.
मोकळ्या सपाट लादीवर
त्यांनी दोन पायऱ्या चढल्या.

स्टेजवर नवरानवरीच्या दोन खुर्च्या होत्या,
मखमली, सोनेरी पाठीच्या.
खऱ्या खुर्च्यांची धूळ पाष्टे रोज ब्रशनं झाडतात,
बसले कधी नव्हते.
कुणी नको म्हटलं नव्हतं,
त्यांनीही विचारलं नव्हतं.

ते वळले. शर्ट खाली ओढला.
आणि बसायला लागले.

मागे काहीच नव्हतं.
थप्पीतली लाल प्लास्टिकची खुर्ची ओढली,
तिच्यात दुसरी अडकलेली,
दोन्हीसकट तशीच त्यांच्याखाली सारली.
टेकले.
त्यांना कळलंच नाही, की कळलं,
मला अजून सांगता येत नाही.
पायावर पाय टाकला.
साडेचारशे रिकाम्या खुर्च्यांवरून सावकाश नजर फिरवली
आणि मुलाकडच्यांच्या आवाजात म्हणाले,
"पंगत कधी बसवताय?"

मागून कुणीतरी ओरडलं,
"पाष्टे, पाणी आलं! मोटर लावा!"
"आलो," म्हणाले,
आणि बसून राहिले.