भागाकार

कुडचड्याच्या सरकारी दवाखान्यात
प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालची खोली,
एक सूक्ष्मदर्शक, एक मोजणीचं यंत्र,
खिडकीच्या गजांवर तांबडी धूळ.
खाणीचे ट्रक कमी झाले, धूळ राहिली.
डोंगरभर लोखंड आणि बायकांच्या अंगात नाही,
असं डॉक्टर कुंकळ्येकर हसून म्हणाले.
मी हसले नाही. हा विनोद इथे
प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्या आठवड्यात करतो.

काचेवर एक थेंब. दुसऱ्या काचेच्या कडेने
हात न थांबवता ओढायचा,
शेवटाला पिसासारखा विरळ.
मग लीशमनचा जांभळा रंग, मग थांबणं.
एकोणीस वर्षं मी थांबून बघते.

इनासच्या पेशी मोठ्या, अंडाकार,
पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला सहा पाकळ्या.
लिहिते : बी-ट्वेल्व्ह, फोलेट तपासावे.
लिहीत नाही : एप्रिलभर हुर्राक,
आणि जेवण म्हणून लोणच्याची फोड.

शेवंती कुळागरात पाटाच्या चिखलात अनवाणी.
तिचं कारण दुसऱ्या टेबलावर सापडतं,
अंकुशकृमीची अंडी, पातळ कवचाची,
खोटं कशाला, देखणी.

रेजिनाल्डच्या पेशी मापाच्या, रंगाच्या, अगदी ठीक,
फक्त थोड्या.
त्याच्या मूत्रपिंडांनी निरोप धाडणंच सोडलंय.

आणि एकदा एका पोराची काच :
कापणी झालेलं शेत.
लाल नाही, पांढरी नाही, बिंबिका नाही.
रंग पुन्हा चढवला. पुन्हा तेच.
ती काच मी स्वतः बांबोळीला नेली,
बसमध्ये, मांडीवर धरून.

सुकांती वेळीप मात्र नेहमीची.
पेशी लहान, फिक्या. तीन वर्षं
मी एकच ओळ लिहिली : लोह कमी.
तीन वर्षं गोळ्या, मळमळ, काळी शौच,
आणि आकडा तिथेच, दहा पॉइंट सहा.
सासू दारातूनच म्हणायची,
"गुळयो खायना ती. बांयंत उडयता."
नर्स तिच्यावर ओरडली. मी ओरडले नाही,
पण दंडाचा पट्टा जरा जास्तच आवळला.

ऑगस्टात एक दिवस वीज गेली.
यंत्र बंद, म्हणून जुने कागद चाळले.
तांबड्या पेशी : छप्पन्न लाख.
लोह संपलेलं शरीर असं उधळत नाही,
ते काटकसर करतं.
हिचं तर छोट्या छोट्या वाट्या
मांडतच सुटलेलं.
पेशीचं माप बासष्ट.
बासष्ट भागिले पाच पॉइंट सहा,
चौथीतल्या पोराला जमेल.
अकरा. तेराच्या आत.

तिची काच खिडकीच्या उजेडात लावली.
फिक्या पेशींच्या मधोमध एक ठिपका,
नेमबाजीच्या फळ्यावर असतो तसा.
तो आधीही असणार.

बांबोळीहून कागद आला :
फेरिटिन भरपूर, ए-टू पाच पॉइंट एक.
थॅलेसेमिया मायनर.
म्हणजे आजार असा नाहीच,
आईकडून की बापाकडून आलेलं
मापच लहान.

सांगितलं तेव्हा ती रडली नाही, चिडलीही नाही.
पदराने कपाळ पुसून म्हणाली,
"तर हें सासूमांयक सांग."
चौथा महिना होता तिला.

म्हणून नवऱ्याला बोलावलं.
उल्हास आला, ट्रक बाहेर चालूच ठेवून.
"म्हाका कित्याक? अशक्त ती आसा."
मी म्हटलं, दोघांचं एकच निघालं तर
चारातल्या एका मुलाला जन्मभर
दुसऱ्यांचं रक्त लागतं.
तो काही बोलला नाही.
बाहेर जाऊन इंजिन बंद करून आला,
बाही वर केली, आणि खिडकीकडे बघत राहिला.

पट्टा हलकेच बांधला.
यंत्राने दोन आकडे दिले.
अहवालाचा कागद बाजूला सारला,
पेन्सिल घेतली,
शाळेतल्यासारखी रेघ मारली
आणि भागाकार मांडला.