साखर

तिचं नाव इथे लिहिणार नाही.
कुठल्या देशातून आली तेही नाही.
मुलाचं वय विचाराल तर
दात पडायच्या वयाचा, एवढंच.
पाकिटावर नावाऐवजी एक आकडा होता.
तो मला अजून पाठ आहे.
तोही सांगत नाही.

अशोक चौकाच्या मागे आमची लॅब,
भिंतीला भिंत लागून टॉवेलचा कारखाना.
टेकून बसलं की मागांची खटखट
पाठीच्या कण्यात उतरते.
त्या दुपारी वीज गेलेली,
त्यामुळे भिंतही गप्प
आणि कुजबुजसुद्धा रस्त्यापर्यंत जाईल अशी शांतता.
इरण्णाला मी बर्फ आणायला पाठवलं.
फ्रीज चालू असता तरी पाठवलं असतं.

फोनवर दुभाषी, लांबच्या शहरातली बाई.
माझ्या गावची नको,
एवढी एकच अट हिने घातली होती.
गाव कुठवर पोचतं ते मलाही ठाऊक आहे.
आमची आत्या भिवंडीत बसून
विडी घरकुलातल्या सुनांचे महिने मोजते.

कागद वाचून दाखवला.
मध्येच थांबवलंत तरी चालेल.
नको म्हणालात तरी कुणी रागावणार नाही.
गालाच्या आतला हा ओलावा
एका प्रश्नापुरता वापरू, मग जाळू.
तुमच्या देशाच्या कुठल्याही कचेरीत जाणार नाही.
उत्तर आधी तुम्हाला. एकट्या.
मुलासमोर नाही.

ती बराच वेळ बोलली.
दुभाषी त्याहून जास्त वेळ गप्प.
मग म्हणाली, त्या विचारतायत,
न विचारलेलंही दिसतं का त्यात?

दिसतं, मी म्हटलं.
बघायची परवानगी नसते.

यावर ती काय म्हणाली ते कळलं नाही.
दुभाषी नुसती हसली,
सरकारी कामात हसतात तसं.

मग, माझी बहीण, असं काहीसं सुरू झालं
आणि मी हात वर केला.
मला सांगू नका. मला लागत नाही.
मला फक्त हा रकाना भरायचाय,
मुलाशी नातं.

ती जे म्हणाली
त्याला दुभाषी लागली नाही.
मी लिहिलं: आई.
माझ्या शिधापत्रिकेवरही कुणीतरी
असंच एका शब्दात लिहिलंय.
आमच्या घरात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

मुलाने तोंड उघडलं. पुढचा दात हलत होता,
मी दुसऱ्या गालातून बोळा फिरवला.
कागदी पाकीट, प्लॅस्टिकचं नाही,
ओल धरते.
लाख, सही, वेळ, पुन्हा सही.

तिची घरमालकीण नरसव्वा
सूप मांडीवर घेऊन दारातच विड्या वळत बसते.
संध्याकाळी मला अडवलंच.
काय तपासलालाव ओ म्याडम, त्या बाईचं?
मी म्हटलं, साखर.

वीस वर्षं या कामात आहे,
एवढं स्वच्छ खोटं कधी बोलले नव्हते.

उन्हाळा गेला, सिद्धेश्वरची गड्ड्याची जत्रा गेली,
मग पाकीट आलं.
तिने ते आतल्या खोलीत फोडलं, दार लावून.
मी बाहेर मुलाला
रिकाम्या नळ्या मोजायला दिल्या.
त्याला एकवीसच्या पुढे येत नव्हतं, म्हणून परत एकपासून.
ती बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावर काय होतं,
हेही
सांगत नाही.

गाड्यावरून चहा मागवला.
तिने कप तोंडाला लावला, थबकली,
डोळे मिटले
आणि मोडक्या मराठीत सांगितलं,
घरमालकीण दहा महिने
तिला बिनसाखरेचा चहा देत होती.
काळजीने. रोज. सकाळ-संध्याकाळ.

आणि तू काही बोलली नाहीस?

तिने मान हलवली.
इरण्णाला तीन बोटं दाखवली.
अजून तीन चमचे.