डावी बाही, ओळ बत्तीस

फेरीबोट तवसाळहून निघून जयगडला लागेपर्यंत
टोपड्याच्या सहा ओळी होतात.
भरतीला सात.
हे वेळापत्रकात छापलेलं नाही.

तिकीटखिडकीत माझ्या पायाशी चार पिशव्या.
पहिलीत जैबूच्या नातीचं टोपडं, चौसष्ट टाके,
लोकर पिवळी, कारण तेव्हा मुलगा की मुलगी ठाऊक नव्हतं.
आता ती दात काढतेय
आणि टोपडं अजून कानांच्या वरच.

दुसरीत नझीरचा स्वेटर.
नझीर जैबूचा थोरला, त्या दातवालीचा बाप,
जहाजावर आहे, नॉर्वेच्या अंगाला कुठेतरी.
लेकीला त्याने अजून फोनच्या काचेतच पाहिलंय.
माझ्याकडे मात्र दोघं शेजारी शेजारी,
तिचं डोकं अर्धं, त्याला हात एकच.

तिसरीत एक मोजा आहे. त्याचा जोडीदार अजून गुंड्यात.
चौथीबद्दल विचारू नका.
गेल्या गणपतीत घेतलं होतं काहीतरी सुयांवर,
काय ते विसरले.
रुंदी बघितली तर मफलर वाटतो,
लांबी बघितली तर कंटाळा.

लोकांना हसू येतं.
घामाने तिकिटं बोटांना चिकटतात अशा गावात
लोकर कोण हातात धरतं?
स्टीलच्या सुयांना खाऱ्या वाऱ्याने गंज धरला,
पिवळ्यावर तांबडे डाग पडले,
मग चिव्याच्या काठ्या तासून घेतल्या,
खोबरेल चोळलं.
आता टाके सरकतात, हाताला वास येतो,
सुट्टे पैसे घेताना गिऱ्हाईक नाक पुढे करतं.

जेटीच्या कठड्याला जाळं अडकवून
गजा खारवी बसलेला असतो.
त्याची आट आणि माझ्या सुया एकाच चालीत.
म्हणतो, ‘मी येकच विनतंय वरीसभर.
तुजी चार चार, नि मासा येक नाय.’

मी ओळी लिहून ठेवते, नाहीतर घोटाळा होतो.
बोट लागली की सुई टाकायची,
दुचाकी, टेम्पो, माणसं, म्हातारी अर्ध्या तिकिटावर भांडते,
आणि परत आल्यावर सुलटा होता की उलटा?
कागद कुठला मिळणार? अर्धुकांच्या पाठीवर लिहिते.

एकदा चुकून अर्धूक राहिलं माझ्याकडे
आणि लिहिलेलं तिकीट गेलं बर्फाच्या टेम्पोबरोबर.
गेलं ते गेलं.
नझीरची बाही मी अंदाजाने पुढे नेली,
लोकर संपली तेव्हा मनगटाशी टोपड्यातलं पिवळं लावलं,
टाके बंद केले, पार्सल जैबूने पाठवलं.

नवव्या दिवशी वासू भुवड खिडकीशी उभा,
घडी घातलेलं तिकीट दोन्ही हातांत.
‘ताई, ह्यावर लिवलंय, डा. बा. बत्तीस, दोन घटव.
मला वाटलं दंड हाय.’
नऊ दिवस त्याने इकडे पाय ठेवला नव्हता,
चिपळूणवरून वळसा घालत होता,
निम्मा बर्फ वाटेत पाणी.

दंड नाही रे बाबा, म्हटलं, हात आहे तो.
त्याला कळलं नाही. तिकीट परत घेतलं,
त्या दिवशीचे पैसे मी घेतले नाहीत, स्वतःचे भरले.

परवा जैबू येऊन सांगून गेली:
डावी बाही दोन बोटं लांब झालीय.
नझीर ती दुमडत नाही.
रात्रीच्या पहाऱ्यावर मूठ आत ओढून घेतो,
पिवळ्यात.

भोंगा वाजला.
पलीकडे दोन टेम्पो, एक मिक्सर, बरीच माणसं.
सहा ओळींचा वेळ आहे.
पायाने चाचपते,
कुठली पिशवी पुढे येते बघू.
चौथी आली.