बहात्तर तास, पुस्तकं उघडी

पेपर मेलवर आला, सकाळी दहाला.
पाच प्रश्न. बहात्तर तास.
पुस्तकं उघडायची मुभा.
मी उघडली.
दोघांचे कणे पहिल्यांदाच वाजले, कडकड,
आणि आतून कोऱ्या कागदाचा वास आला,
जून ते एप्रिल न वाचल्याचा.

वर्गातली परीक्षा बरी.
तीन तासांत नापास होऊन
माणूस बर्डीवर उसाचा रस प्यायला मोकळा.
ही तर मुक्कामालाच आली आहे.
माझ्या ताटासमोर बसते,
रात्री माझ्याच उशीवर डोकं टेकते
आणि अंधारात विचारते, झालं का काही?

आई दारातून: "काय करून रायली?"
"पेपर सोडवतेय."
"घरी? मंग सोपा असन."

सेहेचाळीस डिग्री. कूलर घरघरतोय,
वाळ्याच्या ओल्या वासात
प्रश्न दुसरा: कठीण खडकातील भूजलाचा प्रवाह
आकृतीसह स्पष्ट करा.
मी पट्टी घेऊन चौकट आखली.
चौकट सुरेख आली.
आत काही नाही.

खोब्रागडे सर नोव्हेंबरात म्हणाले होते,
आपलं शहर दोन खडकांच्या शिवणीवर बसलंय,
पश्चिमेला बेसाल्ट, पूर्वेला नाईस.
मी तेव्हा वहीच्या कोपऱ्यात 'शिवण' लिहून
त्या शब्दाला पेनानं टाके घातले होते.
अख्ख्या वहीत तेवढंच माझ्या अक्षरात.
बाकी मैत्रिणीचं, झेरॉक्स.

दुसऱ्या दुपारी कूलर कोरडा वाजू लागला.
बोअर बसली होती.
शेषराव पौनीकर आला, खांद्यावर पाना,
पाइपाला कान लावून उकिडवा बसला
बराच वेळ, डॉक्टरसारखा.
"पानी हाये खाली. पन ज्या भेगेतून येत होतं
थे आटली. दगड थोडीच पानी देते, ताई?
भेग देते."
मग कुंपणापलीकडे वासनिकांच्या नळाला कसं?
"त्याइची भेग अलग हाये."

असं म्हणून त्यानं दोनशे रुपये घेतले
आणि पाणी काही आलं नाही.

मी वर आले.
चौकटीत दोन बोअर काढल्या, शेजारी शेजारी.
एक भेगेत उतरलेली,
एक नुसत्याच दगडात.
दुसरीकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले.
मग लिहू लागले, पुस्तक न बघता,
खोडत, घामानं कागद हाताला चिकटत.

चौथा प्रश्न आला नाही.
पाचव्यात सूत्र आहे, त्याचा अर्थ नाही.
शेवटी संदर्भसूची मागितली होती, आकारविल्हे.
प च्या खाली लिहिलं:
पौनीकर, शेषराव. तोंडी. मानेवाडा, मे महिना.
दोनदा पुसलं. मग राहू दिलं.

बहात्तराव्या तासाला, नऊ अठ्ठावन्नला, पाठवून दिलं.
पाहुणी लगेच उठली नाही.
बादलीनं कूलरमध्ये पाणी ओतताना
ती अजून पलंगावर बसली होती,
पाय हलवत.