पहाटेचं अर्धं युनिट

वीजवाल्यांचा पोरगा आला, अरिंगळ्यांचा, आमच्याच जेलरोडचा.
म्हणाला, काकू, नवा दर घ्यायचा तर फॉर्म आत्ताच भरा,
एकतीसनंतर थेट पुढच्या वर्षी.
सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त,
पाच ते रात्री बारा महाग,
बारानंतर होता तोच भाव.
आणि नाही भरला तर?
तर मग आहे तसंच.
'आहे तसंच' हे त्यानं असं म्हटलं
की फ्रिजमागे काहीतरी मरून पडलंय.

गायखे वहिनींनी त्याच दिवशी सही ठोकली.
त्यांचं बरंय. घरघंटी, इस्त्री, मोटर,
सगळं उन्हातान्हात उरकतात,
तिन्हीसांजेला देवापाशी निरांजन, की घर गप्प.
आमचा दिवस उजाडतो संध्याकाळी सातला.
मी मुक्तिधामच्या मागच्या दुकानातून ब्लाउज शिवून येते,
मृण्मयी क्लासवरून,
आणि मिक्सर, मशीन, टीव्ही, तिच्या टेबलावरचा दिवा
एकदमच चोची उघडतात.

म्हणून वही घातली.
मापांचीच जुनी वही, मागून सुरू केली:
पुढून छाती छत्तीस, बाही नऊ, गळा मटका,
मागून रात्री बारा, सकाळी सहा, नऊ, पाच.
मीटर जिन्याखाली. स्टुलावर चढून
मोबाइलच्या उजेडात आकडे टिपायचे.
शेजारचा नातू विचारायचा, आजी, तिथे काय आहे?
आपलं घर आहे बाळा.

चार दिवसांत संध्याकाळचं कळलं, दुपारचं कळलं.
रात्रीचं जुळेना.
दोन पंखे आणि फ्रिज, फार तर सव्वा युनिट.
वही म्हणे पावणेदोन.
रोज.
अरिंगळे म्हणाला अर्थिंग बघा, कुठेतरी गळत असेल.

तर मी जागी राहिले.
तीन चाळीसला मीटरचा लाल ठिपका
भराभर लवायला लागला, पापणी लवते तसा.
वर आले. गिझर लागलेला.
आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरात हे,
आंघोळ केलेले, भांग पाडलेला, शर्ट खोचलेला,
इंडक्शनवर एका कपाचा चहा.
एकलहऱ्याहून रिटायर होऊन चौदा महिने झाले.
पहिल्या पाळीची बस बिटकोवर पावणेपाचला यायची.

मी काही विचारलं नाही. तेच म्हणाले,
या वेळेला लोड सगळ्यात कमी.
अख्खं नाशिक झोपलेलं. तरी कोळसा टाकत राहावा लागतो.
का? बंद ठेवायचं ना तेवढे तास.
तर माझ्याकडे असं पाहिलं की मी कापडावर उलटी कात्री चालवली.
बॉयलर असा विझवता येत नाही गं.
एकदा गार पडला
की पुन्हा धरायला दिवस जातो.

चहा अर्धा अर्धा केला.
पंख्याखाली वही फडफडत होती, त्यांनी ओढून घेतली.
मागची पानं वाचली, चष्मा न लावता, मग लावून.
दशांश सोडलेत तू मंगळवारी.
घाईत होते.
घाईत रीडिंग घेत नसतात.

मग मी हळूच म्हटलं,
दिवसा तुम्ही घरी असता ना.
मशीन अकराला लावली, इस्त्री दुपारी केली,
तर महिन्याला ऐंशी-नव्वद सुटतात.
नाहीतर नवा दर आपल्याला उलटा बसायचा.
मशीन त्यांनी आयुष्यात कधी लावली नाही.
बराच वेळ कपाचा कान फिरवत बसले.
पांढरे कपडे वेगळे काढायचे का, म्हणाले.
हो.
आणि हे कोण लिहून ठेवणार?

आज अठ्ठावीस.
फॉर्म मिठाच्या बरणीखाली आहे, सही नाही.
गायखे वहिनी दोनदा विचारून गेल्या.
मंगळवारच्या आकड्यावर लाल शाईनं गोल आहे,
आणि त्याच्या खाली, माझ्या नव्हे अशा
सरळ, ठाशीव अक्षरात,
तीन चाळीस. कप दोन.